सोमवारचे पाव

सोमवारी पाव जास्त लागतात. हे आईनं सांगितलं म्हणून मला कळलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेला तिचा स्वयंसाहाय्य गट माध्यान्ह आहार देतो. सोमवारी भाजीचा टोप पुसून निघतो, पोरं दोनदा-तीनदा ताटली पुढे करतात, आणि तीच पोरं शुक्रवारी अर्धा पाव टाकून खेळायला पळतात. सुट्टीत घरी काय शिजलं ते सोमवारी दिसतं. निम्मी मुलं बागायतीत मजुरीला आलेल्यांची, काही धनगरवाड्यावरून चालत येणारी.

ह्या जेवणासाठी केंद्राने मे 2025 पासून ठरवलेला दर प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. त्यातले 60 टक्के केंद्र देतं नि 40 टक्के राज्य. धान्य वेगळं मिळतं, पण कडधान्य, भाजी, तेल, मसाला, गॅस सगळं ह्यातच बसवायचं आणि राज्य आपल्या पदरचे वरून घालतं तरी कांदा महागला की भाजी पातळ होतेच, आईला ते अजिबात आवडत नाही.

आणि तेवढे पैसेसुद्धा वेळेवर येत नाहीत हो. गेल्या वर्षी गटाचं बिल चार महिने अडकलं, विचारायला गेलं की फाईल वर गेलीय एवढंच उत्तर. दुकानदार उधारी लिहून ठेवतो पण पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, रोख द्यावे लागतात, त्यालाही घर आहे. चार महिने त्या बायकांनी स्वतःच्या पैशांनी शाळा जेवू घातली. म्हणजे सरकारचा खर्च गरिबांच्या मुलांसाठी गरीब बायकांनीच उचलला, आणि मला ह्याचा खरंच राग येतो.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगितलेलं, 2020 च्या शैक्षणिक धोरणात परत तोच आकडा लिहिला. व्हायलाच हवेत 6 टक्के. पण त्याआधी माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मुलांच्या घरी कमी आहे त्यांच्या नावचे पैसे सगळ्यात आधी सुटले पाहिजेत, इमारतीचा रंग, कार्यक्रमांचे मंडप नंतर. आहाराचं बिल महिन्याच्या महिन्याला द्या, गटाला आगाऊ रक्कम द्या, पुढचे हिशेब खुशाल तपासा.

आई आता रविवारी रात्रीच पोदेराला फोन करते, उद्या पंधरा पाव जास्त. त्या पंधरांचं बिल ती कुठेच लावत नाही.