समोर लाइफबोट असली तरी आईबाबांना खिडकीच घ्या

अलास्का क्रूझ बुक करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ केबिन ठरवण्यात गेला. खोल्या दोन लागणार होत्या, एक आईबाबांची आणि एक आम्हा तिघांची, त्यामुळे बाल्कनी बजेटमधे बसेना. उरले दोन पर्याय. इनसाइड, म्हणजे खिडकीच नाही, नाहीतर ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू, म्हणजे खिडकी आहे पण तिच्यासमोर लाइफबोट टांगलेली. ज्याला विचारावं तो म्हणायचा की बोटीचं टप्पर बघायला जास्तीचे पैसे कशाला घालवता, सरळ इनसाइड घ्या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि जाऊन आल्यावर तर अजिबातच पटत नाही. इंडियाहून आईवडिलांना बोलवून सिएटलहून अलास्का करणारे आपले लोक बरेच आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ती बोट तिथे का असते ते. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांप्रमाणे लाइफबोटी शक्यतो पाण्यापासून 15 मीटरपेक्षा उंच ठेवत नाहीत, लोकांना बसवून पटकन खाली सोडता याव्यात म्हणून. एकेका बोटीत दीडशेपर्यंत माणसं बसतात, म्हणजे ती चांगली मिनीबसपेक्षा मोठी असते, आणि अशा ओळीने दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे अडलेल्या खिडक्या बहुतेक जहाजांवर एखाद्या ठरावीक मधल्या डेकवरच सापडतात. रुबी प्रिन्सेस, क्राउन प्रिन्सेस वगैरे जहाजांवर तो एमराल्ड डेक, म्हणजे आठवा मजला.

आता या अडवण्यातही खूप प्रकार आहेत आणि लोक हे बघतच नाहीत. कुठे बोटीचं छप्पर खिडकीच्या खालच्या काठाशी येतं आणि वरून सगळा समुद्र दिसतो, कुठे दोन बोटींच्या मधली फट नेमकी तुमच्यासमोर येते आणि फक्त एक लोखंडी दांडा मधे असतो, तर कुठे अख्खी काच भरून भगवी भिंत. भाव बऱ्याचदा जवळपास तोच. म्हणून 'कुठलीही द्या' अशी गॅरंटी केबिन न घेता नंबर बघून घ्यायची, डेक प्लॅन उघडायचा आणि त्या नंबरच्या खोलीचे फोटो शोधायचे, बहुतेक कुणीतरी टाकलेले असतातच. आम्हाला अशीच फटीसमोरची मिळाली.

पण खरं सांगू का, पूर्ण भिंतीवाली मिळाली असती तरी मी आईबाबांना तीच दिली असती. कारण तिथे आपण व्ह्यू विकत घेत नाही, उजेड घेतो. बोटीच्या आजूबाजूने दिवसाचा प्रकाश खोलीत येतोच. इनसाइडमधे दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही आणि पहाट आहे की दुपार काही कळत नाही. बाबा सत्तरीपुढचे, रात्री दोनतीनदा उठतात, अनोळखी खोलीत, त्यात जहाज हलतंय, तिथे मला मिट्ट काळोख नको होता. शिवाय आई सकाळी बाहेर बघून ठरवते की स्वेटर पुरेल की जॅकेट. अलास्कात उन्हाळ्यातसुद्धा पाऊस, धुकं, ऊन सगळं एकाच दिवसात होतं, त्यामुळे हे तिथे फार कामाचं.

आणि एक, हे समुद्र लागण्याचं. सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून जातात, तिथे जहाज चांगलंच हलू शकतं. कानाला हालचाल जाणवते पण डोळ्यांना खोली स्थिर दिसते, त्यातून मळमळ होते, आणि क्षितिजाकडे बघत बसलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. आईने पलंगावर बसून त्या फटीतून दिसणाऱ्या रेषेकडे बघत अख्खी संध्याकाळ काढली. अर्थात डेकवर जाऊन बघणं जास्त चांगलं, पण मळमळत असताना लिफ्टने वर जायचं त्राण असतंच असं नाही.

इनसाइडला मी वाईट म्हणत नाहीये हां. आम्ही तिघं इनसाइडमधेच होतो, आईबाबांच्या समोरच्याच दारात, आणि अलास्कात त्याचा खरा फायदा झोपेचा आहे. जूनमधे जुनोला पहाटे चारच्या आधी सूर्य उगवतो आणि रात्री दहाला मावळतो, लहान मूल बरोबर असेल तर हा काळोख वरदान आहे. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवलं की मूल घाबरत नाही. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असेल तर आवाज बंद करून तेच लावून ठेवायचं, सकाळ झाल्याचं कळतं. दिवसा आम्ही सगळे आईबाबांच्याच खोलीत चहाला. कुटुंब मोठं असेल तर एक अशी एक तशी, समोरासमोर, हीच जोडी मी सगळ्यांना सांगते.

नवराबायको दोघंच असाल आणि दिवसभर वर हिंडणार असाल तर बिनधास्त इनसाइड घ्या. मुंबई-गोवा कॉर्डेलिया क्रूझच्या वीकेंडलासुद्धा मी तेच म्हणेन, इतक्या थोड्या वेळात खोलीत बसतंय कोण.

ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातली हिमनद्यांची खाडी, तिच्यासाठी मात्र केबिनचा विचारच करू नका. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना परवानगी असते, नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज हळूहळू गोल फिरतं त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. त्या वेळी सगळ्यांनी वर उघड्या डेकवरच असायला हवं, बाल्कनीवाल्यांनीसुद्धा. बर्फाचा कडा कोसळतो तो आवाज उघड्यावरच ऐकायचा. आईबाबांसाठी ब्लँकेट घेऊन लवकर वर जा.

ऑब्स्ट्रक्टेड घेताना दोन गोष्टी बघून ठेवा. काही जहाजांवर खिडकीबाहेरून चालायचा डेक जातो, तिथे रात्री दिवा लावला की आतलं दिसतं, पडदा ओढावा लागतो. आणि बंदरात क्रू लाइफबोटींची तपासणी करतात, कधी सकाळी सकाळी, त्याचा खडखडाट होतो. बाबांना तो आवडला, काचेला नाक लावून बोट खाली कशी सोडतात ते पूर्ण बघितलं त्यांनी.

बाल्कनीचे जे पैसे वाचले ते स्कॅगवे बंदरातून निघणाऱ्या व्हाइट पास रेल्वेत घातले, 1898 साली सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली तेव्हा बांधायला घेतलेली नॅरोगेज लाइन आहे ती. वर चढताना डावीकडे बसा.