कड बघून चप्पल घ्या

"दिसायला तर दोन्ही सारख्याच, मग भावात एवढा फरक कशाचा?" कोल्हापुरात चप्पल लाईनला आज एका ताईंनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "हाताचं काम आहे."

हाताचे तर दोन्ही जोड होते. फरक कातड्यात होता, आणि तोच कुणी सांगितला नाही.

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. चुन्यात भिजवून केस काढायचे, चुना नीट धुवायचा, मग सालीच्या पाण्यात मुरवायचं. पुढे कातड्याचीच पिशवी शिवून, आत साल-हिरडा भरून ती टांगतात. रस आतून बाहेर झिरपत राहतो. नंतर पिशवी उलटी टांगून पुन्हा तेच. यात महिना सहज जातो. घाई केली तर कातड्याचा गाभा कच्चा राहतो. क्रोमचं काम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावणं, एक-दोन दिवसांत उरकतं, पण क्रोमियम सांडपाण्यात उतरतं. (चुन्या-सालीचं पाणीही थेट नाल्यात सोडण्यासारखं नसतंच, हेही सांगायला हवं.)

ओळखायला सोपं आहे. कापलेली कड बघा. आरपार तपकिरी असेल तर सालीचं. वरच्या रंगाखाली निळसर-करडी झाक दिसली, तर बहुतेक क्रोमचं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं. छान झालं. पण पट्ट्यावरच्या वेण्या बहुतेक बायका घरी बसून घालतात, तेही नगावर. घासाघीस करताना त्या वेणीची मजुरी किती, हे आपण कधी विचारतो का?