भंडारदरा-हरिश्चंद्रगड गाडीने: तयारीची नोंद ३

मागच्या नोंदीत यादीत सात ठिकाणं होती. आज तीन उरलीत, आणि तिसऱ्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माणसं चार, म्हणजे मी, बायको, दादा आणि त्याची नववीतली लेक. गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पोट जमिनीला टेकण्याची सवय असलेली. निघायचं पुण्यातून, दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या मध्यात, तीन रात्रींसाठी. काजव्यांसाठी जूनच्या तोंडावर जावं असं बायकोचं म्हणणं होतं, पण त्या गर्दीत एकदा अडकून झालंय. पुन्हा नाही.

यादीला पहिली कात्री लागली ती माझ्याच अडाणीपणामुळे. भंडारदऱ्याकडची रतनवाडी आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई ही दोन गावं नकाशावर शेजारी दिसतात. सरळ रेषा ओढली तर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. मी बिनधास्त लिहून टाकलं: सकाळी अमृतेश्वराचं देऊळ, दुपारी जेवायला पाचनई. दादाने कागद बघितला आणि हसायलाच लागला. कॉलेजात असताना तो रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला पायी गेलेला आहे, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी असं करत. म्हणाला, "मधे आख्खा डोंगर आहे रे. तिथून गाडी काय खांद्यावर टाकून नेणारेस?" गाडीने जायचं तर उलटं धरणाजवळच्या शेंडी गावाला यायचं, तिथून राजूर, आणि मग पुन्हा डोंगरात शिरायचं. पन्नास-साठ किलोमीटर सहज. त्यातही राजूरनंतरचा रस्ता ताशी पंचवीस-तीसच्या वर जाऊ देईल असं धरू नका.

तेव्हापासून मी किलोमीटर लिहिणं सोडून दिलंय, फक्त तास लिहितो. नोव्हेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि डोंगराच्या कुशीत त्याआधीच अंधारून येतं. म्हणून नियम असा केलाय की चार वाजता गाडी मुक्कामाला उभी पाहिजे. शिवाय भातकापणीचे दिवस असणार. वळणावर पेंढ्याने भरलेली बैलगाडी नाहीतर रस्त्यावरच वाळत घातलेलं भात समोर येणार, आणि आपण पाहुणे असल्यामुळे थांबायचं आपणच. हे सगळं धरल्यावर माळशेज आणि नाणेघाट आपोआप गळाले. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण पुतणीला दाखवायचा फार होता. पण तो दोन हजार वर्षं थांबलाय, आणखी एखादं वर्ष थांबेल.

आता गाडीबद्दल. हा भाग लांबणार आहे, कारण इथे माझी चांगलीच फजिती झाली.

सरावासाठी मागच्या महिन्यात ताम्हिणी उतरून विळ्यापर्यंत गेलो. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि पाय ब्रेकवर, असा आरामात उतरत होतो. खाली सपाटीला आल्यावर पुतणी मागून म्हणाली, "काका, काहीतरी जळतंय का?" खिडकी उघडली तर जळक्या कापडासारखा वास. पेडलही नेहमीपेक्षा खोल जात होतं. बाजूला घेऊन अर्धा तास नुसते बसलो. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचा मोह झाला होता, दादाने हात धरला. डिस्क वाकडी होते म्हणे.

पुण्यात आल्यावर मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या बाटलीत डोकावून बघितलं. रंग कोऱ्या चहासारखा. चार वर्षं बदललंच नव्हतं. त्याने सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी ते बदललेलं नसणार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल वाढली की ते कमी तापमानाला उकळतं, आणि घाटात पॅड तापले की आत वाफ धरते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं. खर्च एका बऱ्या जेवणाएवढा.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट. या वेळी जुना नियम पाळला: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तिसरा, आणि तीव्र वळणांवर दुसरा. इंजिन कुरकुरतं, कुरकुरू द्यायचं. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ आणि नीट, मग सोडून द्यायचा. पुतणीला वही देऊन किती वेळा ब्रेक मारला ते मोजायला बसवलं. अडतीस. पहिल्या खेपेला मोजण्यासारखं काही नव्हतंच, कारण पाय उचललाच नव्हता. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजूनही भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो की इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी इंजिनची मदत निघून जाते, पेडल फार जोरात दाबावं लागतं, स्टिअरिंगही जड होतं.

टायरचं थोडक्यात. कडेला चार आकडी छाप असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरांवर २३१९. नक्षी अजून आहे, पण रबराला बारीक भेगा पडल्यात. नवे घेतोय. स्टेपनी कधी जमिनीला लागलेली नाही, म्हणून खूश होतो; हवा बघितली तर १२ पीएसआय. पार्किंगमध्ये चाक बदलायचा सरावही झाला. पहिला नट सुटेना म्हणून पान्यावर उभा राहिलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन बघत होत्या. एकूण पन्नास मिनिटं. दुसऱ्या दिवशी वीस.

मुक्कामाचं पाचनईत एका घरी ठरलंय. तिथल्या मावशींना फोन लावायचा तर संध्याकाळी सातलाच, कारण रेंजसाठी त्या घरामागच्या टेकाडावर येतात. मी रस्त्याची चौकशी करत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिवस हाये तोवर या. आन् भाकरी बाजरीची का तांदळाची, त्ये आत्ताच सांगा, दळान करावं लागंल." माझ्या चार वाजताच्या नियमाला अशी मान्यता मिळाल्यामुळे दादाची तक्रार बंद झाली. भाकरी तांदळाची सांगितली आहे.

तर आताचा बेत असा. पहिला दिवस नारायणगाव, आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई. दुसऱ्या दिवशी पहाटे गड: केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी, मग कोकणकडा, आणि दुपारी खाली. कड्यावर तंबूत राहायचा दादाचा हट्ट होता. पण वनखात्याच्या अभयारण्यात, त्यात लेकीला घेऊन, मला नको वाटलं. दुसरी रात्रही मावशींकडेच, कारण थकलेल्या पायांनी क्लच दाबत घाट चालवायचा नाही. तिसऱ्या दिवशी राजूरवरून शेंडी आणि धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता: घाटघरचा कोकणकडा, साम्रद, रतनवाडी. १९२६ साली पुरं झालेलं हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण अजून प्रवरेच्या काठाला पाणी पुरवतंय.

साम्रदजवळची अरुंद सांदण दरी पूर्ण उतरून खालच्या डेहणे गावाला जायचं रद्द. त्याला दोर लागतो, वाटाड्या लागतो, आणि मुख्य म्हणजे गाडी वर साम्रदलाच राहते. करोली घाटाने पुन्हा चढून यायचं कुणी? आम्ही वरून शिरणार, पाण्याच्या डबक्यांपर्यंत जाणार आणि परत फिरणार. पाणी गार असेल आणि दुसऱ्या डबक्यात कमरेपर्यंत लागू शकतं, म्हणून कपड्यांचा एक जोड गाडीत वेगळा.

वाद आहे तो कळसूबाईचा. चौथ्या दिवशी पहाटे पायथ्याच्या बारी गावातून चढून १६४६ मीटरवर जायचं आणि त्याच दिवशी पुण्याला, असं पुतणीचं म्हणणं आहे. मी विरोधात, कारण परतीला गाडी मीच चालवणार. बायकोला त्या वेळात अकोले तालुक्यातलं गावरान बियाणं शोधायचंय. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा हा तालुका, आणि तिला गॅलरीत लावायला घेवडा हवाय. दादाने मत अजून दिलेलं नाही, तो ताम्हिणीची वही दाखवून पुतणीकडून काहीतरी कबूल करून घेतोय.

टायर गुरुवारी बसतील. बारीतून लोखंडी शिड्यांपर्यंत पोचायला नववीतल्या मुलीला किती वेळ लागतो, हे कुणी मुलांना घेऊन गेलं असेल तर सांगा. पण तिच्यासमोर नको.