बर्कलीतला लाल रॅम्प

सॅन फ्रान्सिस्कोहून बार्ट नावाची तिथली लोकल खाडीखालच्या बोगद्यातून पलीकडे निघाली, तेव्हा भाचीनं विचारलं, "मावशी, फिरायचं सोडून तू व्याख्यान का ऐकायला चाललीस?" तिला तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात, अपंगांच्या हक्कांसाठी झटलेल्या एड रॉबर्ट्स यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यान होतं आणि ते सर्वांना खुलं होतं. मी पंचवीस वर्षं कॉलेजात शिकवते आहे. हे नाव मी फार उशिरा ऐकलं, पण ऐकल्यापासून मनातून गेलं नव्हतं.

व्याख्यान दुपारी होतं, म्हणून सकाळी विद्यापीठ पाहून घेतलं. सेदर गेटमधून आत शिरलं की स्ट्रॉबेरी क्रीक हा ओढा लागतो, आणि मग सगळा चढच चढ. आवार डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आहे. घंटाघराच्या उंच मनोऱ्यापर्यंत पोचताना मलाच दोनदा थांबावं लागलं. दम खात उभी असताना मनात आलं, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नसलेला एड रॉबर्ट्स १९६२ साली इथे शिकायला आला, तो कसा फिरला असेल?

आवाराच्या पूर्व टोकाला आता बिझनेस स्कूलच्या इमारती आहेत. पूर्वी तिथे कॉवेल हॉस्पिटल होतं. रॉबर्ट्स यांना १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. लस यायला अजून दोन वर्षं होती. रात्री श्वासासाठी आयर्न लंग लागायचं. मानेपर्यंत आत झोपायचं ते लोखंडी पिंपच, सुमारे साडेतीनशे किलो वजनाचं. वसतिगृहातल्या खोलीत ते ठेवणार कुठे? सुरुवातीला विद्यापीठाचा एक अधिकारी म्हणाला होता, अशा मुलांना आधी घेऊन पाहिलं, जमलं नाही. शेवटी हॉस्पिटलचा तिसरा मजला हेच वसतिगृह झालं. दिवसा बेडकासारखे हवेचे घोट गिळत श्वास घ्यायचा आणि वर्गात बसायचं. पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आले, मग आणखी मुलं आली आणि त्या मजल्यावर त्यांचा अड्डा जमला. स्वतःला ती मुलं 'रोलिंग क्वाड्स', म्हणजे चाकांवर फिरणारे लुळ्या हातापायांचे, म्हणवून घ्यायची. आज तिथे जुन्याचं काही उरलेलं मला दिसलं नाही. तरी थोडा वेळ उभी राहिले.

सभागृहात शिरल्यावर माझं पहिलं लक्ष गेलं ते खुर्च्यांकडे. रांगांमध्ये मधूनमधून मोकळ्या जागा सोडल्या होत्या, अगदी पुढे, मध्ये, मागेसुद्धा. म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसानं कुठे बसायचं ते त्यानंच ठरवायचं. मंचावर सांकेतिक भाषेत सांगणाऱ्या बाई होत्या आणि पडद्यावर बोलण्याबरोबर अक्षरं उमटत होती. मला अमेरिकन उच्चार कधीकधी निसटतात. त्या अक्षरांचा मलाही मोठा आधार झाला.

वक्त्या स्वतः व्हीलचेअरवर होत्या. रॉबर्ट्स यांची थोरवी त्यांनी फार थोडक्यात आटोपली: बी.ए., एम.ए., ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानं 'हा कधी नोकरी करू शकणार नाही' म्हणून खर्च नाकारला होता, १९७५ साली त्याच खात्याचे राज्याचे संचालक. मग त्या आल्या १९७० सालावर, आणि तिथे पुष्कळ वेळ रमल्या. त्या वर्षी विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला, आणि तो अपंग विद्यार्थ्यांनीच चालवला. व्हीलचेअर बिघडली तर दुरुस्त कोण करणार? सकाळी उठवायला, कपडे घालायला मदतनीस कुठून मिळणार? पायऱ्या नसलेली भाड्याची खोली कुठे आहे? याची उत्तरं तिथे मिळायची. प्रवेश मिळाला तरी शिक्षण अडायचं ते नेमकं या गोष्टींवर. गावातले, विद्यापीठात नसलेले अपंग लोकही मदत मागायला येऊ लागले, म्हणून १९७२ साली 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग', म्हणजे स्वतंत्रपणे जगण्यासाठीचं केंद्र, उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र मी जन्मात विसरणार नाही. रॉबर्ट्स यांच्या डाव्या हाताची दोन बोटं हलायची, तीही फक्त मागे ओढण्यापुरती. विजेवर चालणारी व्हीलचेअर पुढे न्यायची तर दांडी पुढे ढकलावी लागते, म्हणून ती त्यांना चालवता येणार नाही असं ठरून गेलं होतं. त्यांनी दांडीचा तो डबाच उलटा फिरवून बसवून घेतला. आता मागे ओढलं की खुर्ची पुढे!

सभागृहात टाळ्या वाजत होत्या आणि मला माझी एक विद्यार्थिनी आठवत होती. कुबड्या घेऊन यायची. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कधी मैत्रिणी, कधी शिपाईमामा तिला उचलून वर न्यायचे आणि आम्ही सगळे त्या मुलींचं कौतुक करायचो. वर्ग खाली घ्या, असा साधा अर्जसुद्धा मी केला नाही. दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं. 'उचलून न्यायला लाज वाटते, मॅडम,' एवढंच म्हणाली होती.

परतताना अॅशबी स्टेशनला उतरलो. स्टेशनला लागूनच 'एड रॉबर्ट्स कॅम्पस' आहे. ही इमारत २०१० साली झाली आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था तिथे एकत्र आहेत. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच लालभडक गोल रॅम्प वर चढत जातो. मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी असतो तसा नाही. इमारतीत सगळ्यात देखणी गोष्ट कुठली, तर हाच. दोन व्हीलचेअर शेजारी-शेजारी गप्पा मारत जातील इतका रुंद आहे. लिफ्टचं बटण पायानंही दाबता येतं. एक तरुण खुर्चीवरून भर्रकन खाली आला, वळणावर जरासा झुकला आणि आम्हाला हात करून निघून गेला. मी कठड्यावर हात ठेवून सावकाश वर गेले, तशीच खाली आले. भाची काही बोलली नाही, नुसती बरोबर चालत राहिली.

त्या विद्यार्थिनीचा नंबर माझ्याकडे अजून होता. रॅम्पचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझी आठवण आली.' आपल्याकडे तेव्हा उत्तररात्र असणार, हे पाठवल्यावर लक्षात आलं. पण उत्तर लगेच आलं.

'मॅडम, वरच्या मजल्यावर काय आहे?'

मी रॅम्पच पाहत बसले होते, मजला पाहिलाच नव्हता. भाचीला म्हटलं, थांब जरा, आणि पुन्हा वर निघाले.