बेस कुठे गेला?

दक्षिण लंडनमधल्या एका जुन्या हॉलमध्ये डबस्टेपची, म्हणजे जड बेसवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताची रात्र होती आणि साउंड माझ्याकडे होता. दुपारी टेस्टसाठी रेकॉर्ड लावली. हॉलच्या बरोबर मध्यावर बेस छातीत बसत होता. तिथून पाच-सहा पावलं बाजूला सरकलो, तर तो गायब! उरली फक्त हाय-हॅट झांजेची टिकटिक आणि रीव्हर्बची, म्हणजे घुमत राहणाऱ्या आवाजाची शेपटी.

टेक्नोमध्ये हे एक वेळ निभावून नेता आलं असतं, तिथे किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, सतत चालू असते. डबस्टेपमध्ये बेस हीच चाल. टेम्पो मिनिटाला 140च्या आसपास, पण चार मात्रांत स्नेअर ड्रमचा ठोका एकदाच, तिसरीवर पडतो. म्हणून अंगाला लय 70ची, संथ आणि जड वाटते. मधली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते आणि त्या अंधारात 40-60 हर्ट्झचा सब, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, फिरतो. लॅपटॉपवर ऐकून ‘यात आहे काय?’ म्हणणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या स्पीकरमधून गाण्याचा जीवच बाहेर येत नाही.

साउंड सिस्टिमचे मालक जमैकन घरातले, साठी ओलांडलेले. स्पीकरच्या पेट्या त्यांनी स्वतः बांधलेल्या. डबस्टेप दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या पोरांनी गराज नावाच्या नाचसंगीतातून घडवलं, 2005पासून ब्रिक्स्टनमध्ये डीएमझेड नावाच्या डबस्टेपच्या क्लब-रात्री गाजल्या, पण बेस अंगावर घ्यायची ही रीत लंडनला जमैकन साउंड सिस्टिमवाल्यांनीच शिकवली. मालक हॉलभर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “दोन्हीकडचे सबचे स्पीकर मध्ये आण. एकच भिंत कर.”

कारण साधं होतं. 50 हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब. सब स्टेजच्या दोन टोकांना होते. जिथे एका बाजूचं अंतर दुसरीपेक्षा साडेतीन मीटरने जास्त भरतं, तिथे दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. इक्वलायझर कितीही फिरवला तरी ते भरून निघत नाही. दारं उघडेपर्यंत आम्ही घाम गाळत पेट्या हलवत होतो.

रात्री पहिल्या जड रेकॉर्डला बेस उतरला आणि भिंतीलगतची माणसंसुद्धा ओरडली. डीजेने रेकॉर्ड मागे ओढली, रीवाइंड! पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी दुपारच्या त्या मुक्या जागी जाऊन उभा राहिलो. पँटचे पाय थरथरत होते.