रोजनिशीतला वाघ

माझ्या आठवीच्या रोजनिशीत वाघ अकरा वेळा आला आहे. नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयातला. दर वेळी रविवारी, आणि दर वेळी सोबत बाबा. त्या वर्षी मी महाराजबागेत एकदाही गेलो नव्हतो.

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिले’ असा विषय सुचवला होता. त्यासाठी काही सापडतं का म्हणून माळ्यावर चढलो, ही दोनशे पानी वही हाती लागली आणि समितीचा विषय माळ्यावरच राहिला. त्याबद्दल क्षमस्व.

आम्ही आठवीत गेलो ते १९८८ साल. आपल्याकडच्या शाळा पुण्या-मुंबईनंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पण उन्हाळा काही तारीख पाहून जात नाही. वर्गात पंख्याखालच्या बाकासाठी धक्काबुक्की चालली असतानाच मराठीच्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "रोज दहा ओळी लिहायच्या. शनिवारी वह्या टेबलावर. सकाळी उठलो, दात घासले, हे चालणार नाही. घरात काय बोलणं झालं ते लिहा."

घरात काय बोलणं झालं! आमच्या घरी गवताचं बोलणं व्हायचं. बाबा कूलरचं काम करायचे. नागपूरकराला हे समजावायला नको, पण बाहेरगावी जाऊन एसीत स्थिरावलेल्या मित्रांसाठी सांगतो. शिवरात्र झाली की घरोघरचे पत्र्याचे कूलर गच्चीवरून खाली यायचे. गंज खरवडायचा, आतून डांबर नाहीतर रंग मारायचा, पंपाचं तपासायचं, आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं. ऐपतवाल्यांकडे खस, बाकीच्यांकडे लाकडाच्या बारीक सालींचं गवत. शिवरात्रीपासून मृगापर्यंत बाबा आम्हाला फक्त झोपलेले दिसायचे. उरलेलं वर्ष मिळेल ते काम. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मंडपात खुर्च्या लावायची रोजी मिळायची. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, हे आम्हाला वर्गात शिकवलं तेव्हा सगळी पोरं जांभया देत होती. आमच्या घरात मात्र त्या कलमावर उधारी फिटायची.

तेराव्या वर्षी हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. का, ते आज मला नीट सांगता येत नाही. आम्ही उपाशी नव्हतो. वर्गात याहून हलाखीची घरं होती. पण गवताचे भारे लादून बाबा सायकल हाणत निघाले की सायकल दिसायची नाही, माणूसही दिसायचा नाही. गवताचा एक ढीग आपला आपण बडकस चौकातून चालला आहे असं वाटायचं. त्या ढिगाने शाळेच्या फाटकासमोरून जाऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं असायचं. आवाज फुटत होता, ओठावर काळी रेघ उमटत होती, आणि आरशात मी स्वतःला कुणातरी साहेबाचा मुलगा म्हणून बघत होतो.

म्हणून मी रोजनिशीत वेगळे बाबा लिहिले. हे बाबा सकाळी पेपर वाचून दाखवायचे, संध्याकाळी गणित घ्यायचे आणि रविवारी महाराजबागेत न्यायचे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी नंदी घेऊन पोरं मिरवतात त्या दिवशी, खऱ्या बाबांनी धाकट्यासाठी कूलरच्या जुन्या लाकडी चौकटीतून नंदी कोरला, त्याला चाकं लावली, कूलरचाच उरलेला चंदेरी रंग मारला. गल्लीतल्या सगळ्या नंदींत तोच चमकत होता, आणि धाकट्याला बोजाराही, म्हणजे नंदी घरोघर नेला की मिळणारी खुशालीही, सगळ्यांत जास्त मिळाला. माझ्या वहीत तो नंदी इतवारीतून विकत आणलेला आहे. दुसऱ्याच ओळीत मी मारबतीच्या मिरवणुकीवर उडी मारली आहे, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ वगैरे. खोटं लिहिताना माणूस घाईत असतो, हे अक्षरावरूनसुद्धा दिसतं.

विज्ञानाच्या तासाची नोंद मी केलेलीच नाही, पण तो तास मला अजून आठवतो. बाष्पीभवन चाललं होतं. सरांनी माठाचं उदाहरण दिलं, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी उष्णता लागते हे फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "मग पावसाळ्यात कूलर गार हवा का देत नाही?" वर्ग चिडीचूप. मला उत्तर येत होतं. हवेतच ओल असली तर गवतातलं पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर हवा गार होत नाही, नुसती चिकट होते. मृगाचा पहिला पाऊस पडला की गिऱ्हाइकं ‘कूलर बिघडला’ म्हणून निरोप धाडायची आणि बाबा म्हणायचे, "कूलर नाई बिघडला, हवा बिघडली." पण हात वर केला असता तर पुढचा प्रश्न आला असता, तुला रे कसं माहीत? मी हात बाकाखाली ठेवला. उत्तर शेवटी सरांनीच दिलं, आणि ते बाबांच्या उत्तराहून लांब होतं.

बाईंचे शेरे लाल शाईत, आणि कंजूष. ‘अक्षर सुधारा.’ ‘ऱ्हस्व-दीर्घ!’ एवढंच. पाचव्या महाराजबागेनंतर मात्र समासात एक प्रश्न आहे: ‘वाघाची प्रकृती कशी आहे?’ मला ते कौतुक वाटलं. पुढच्या रविवारी मी वाघाला बरा केला, त्याच्या पुढच्या रविवारी तो डरकाळीसुद्धा फोडतो.

मार्च उजाडला. सकाळची शाळा सुरू झाली होती. बाबांच्या हाताखालचा पोरगा गावी गेला म्हणून रविवारी मला सोबत जावं लागलं. तिसरं घर हनुमाननगरात होतं. बाबांनी कडी वाजवली, दार उघडलं आणि दारात बाई.

माझ्या डोक्यावर गवताचा भारा होता. तो खाली ठेवावा की तसाच तोंडावर ओढून घ्यावा, हे मला सुचेना.

"या भाऊ," बाई बाबांना म्हणाल्या. "मागच्या खोलीतला आहे."

बाबांनी जाळी उघडली. जुनं गवत क्षाराने पांढरं पडून पापडासारखं झालं होतं. ते उपटताना पोपडे उडतात, घामाला चिकटतात आणि मग कोपरापर्यंत खाज सुटते. नवं गवत तसंच कोंबून चालत नाही. आधी बोटांनी विंचरून मोकळं करायचं, मग जाळीवर सारख्या जाडीने पसरायचं. पातळ राहिलं तर फट पडते आणि तिथून गरम हवा शिरते. जास्त दाबलं तर हवाच येत नाही. बाबा पसरलेल्या गवतावरून डोळे मिटून तळवा फिरवायचे. कुठे कमी आहे ते त्यांना हाताला कळायचं. मी खिळे धरून उभा होतो आणि भिंतीकडे बघत होतो.

बाईंनी दोघांना पन्हं आणून दिलं. बाबा ग्लास घेत म्हणाले, "माहा पोट्टा हाये. आठवीत हाये."

मी मान वर केली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जेमतेम क्षणभर, आणि बाबांना विचारलं, "हो का? कोणत्या शाळेत?"

बाबांनी अभिमानाने शाळेचं नाव सांगितलं.

"चांगली शाळा आहे," बाई म्हणाल्या आणि रिकामे ग्लास घेऊन आत गेल्या.

त्या रात्री वही उघडून मी बराच वेळ बसलो. वाघ काही येईना. शेवटी लिहिलं, ‘आज महाराजबागेत गेलो नाही,’ आणि उरलेल्या नऊ ओळींत उन्हाचं वर्णन केलं. शनिवारी वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत होतं: ‘गवत किती जाड भरतात? सविस्तर लिही.’

मी अडीच पानं लिहिली. फट, जाडी, क्षार, खाज, पंपाची जाळी, तळवा, सगळं. वर्गात वाचून दाखवतील या धास्तीने तो अख्खा आठवडा पोटात गोळा होता. त्यांनी वाचून दाखवलं नाही. पाठ थोपटली नाही, वर्गाबाहेर बोलावून चार शब्दही सांगितले नाहीत. दहापैकी सहा गुण दिले, आणि ‘खीळा’ हा शब्द सात ठिकाणी खोडून सातही वेळा ‘खिळा’ लिहिलं. ती पानं आत्ता माझ्यासमोर आहेत. शाई जरा फिकट झाली आहे, पण खिळे दिसतात.

नववी-दहावीलाही बाईच मराठीला होत्या. कूलरचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. बाबांसोबत पुन्हा त्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला नाही. बाबा मात्र दर मार्चला जायचे आणि घरी येऊन एकच तक्रार करायचे: "थ्या बाई लय विसरभोळ्या हायेत. दरसाली इचारते, पोट्टा कोणत्या शाळेत हाये म्हून. मी दरसाली सांगतो."

मी गप्प.

१९९१ च्या जूनमध्ये आमचा दहावीचा निकाल लागला. त्याच आठवड्यात बाईंचा पंप जळाला. बाबा संध्याकाळी घरी आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"यंदा मीच सांगून टाकलं," चपला काढता काढता ते म्हणाले. "म्हटलं, बाई, पोट्टा मॅट्रिक झाला. तं पेढे देल्ले. आन् इचारते, मराठीत किती? आता मले काय माहीत! किती हायेत बे तुले मराठीत?"

अडुसष्ट होते. खिळा हा शब्द लिहायची पेपरात वेळच आली नव्हती.