तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या रुळांचं एवढं काय?

सोलच्या चोंग्न्यांगनी स्टेशनवर गाडीत बसलेला पाहुणा दोन तासांत आमच्याकडे, दक्षिण कोरियातल्याच अंदोंगला उतरतो. घरी येऊन हातपाय धुऊन होत नाहीत तोच प्रश्न येतो: "एवढी झकास गाडी मिळाली तुम्हाला, तरी तुम्ही त्या जुन्या स्टेशनासाठी का हळहळता?" रत्नागिरीहून आलेला भाऊ विचारतो, इथल्या मैत्रिणी विचारतात, नवरा तर वर्षातून दोनदा विचारतो. दर वेळी मी काहीतरी अर्धवट बोलते आणि विषय जेवणावर नेते. आज एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक सांगून ठेवते, मी नव्या गाडीच्या विरोधात नाही. 5 जानेवारी 2021 ला ती सुरू झाली आणि त्या महिन्यातच मी तिच्यात बसले. 'केटीएक्स-इउम' तिचं नाव; केटीएक्स म्हणजे इथली वेगवान रेल्वे, इउम म्हणजे जोड. जुन्या मुगुंगह्वा गाडीला हाच प्रवास करायला साडेतीन तास लागायचे. सोबेक डोंगररांगेत तर रूळ डोंगराच्या पोटात अख्खी गोल गिरकी घेऊन वर चढायचे. आता अकरा किलोमीटरचा सरळ बोगदा आहे, घोटभर चहा संपेपर्यंत डोंगर मागे पडलेला असतो. नवऱ्याचं ऑपरेशन सोलला झालं तेव्हा दीड महिना मी याच गाडीने ये-जा केली, लेकीला रात्री स्वतःच्या घरात झोपवता आलं. हे विसरले तर मी कृतघ्न ठरेन.

आणि जुने रूळ उखडले तेव्हा मला आनंद झाला होता, हेही खरं आहे. का, ते पाहुण्यांना मी इमचोंगगाकला नेऊन दाखवते. नाकदोंग नदीकाठी 1519 साली बांधलेला हा वाडा मुळात 99 खणांचा होता. त्याचे धनी ई सांग-र्योंग 1911 साली सगळं कुटुंब घेऊन मांचुरियाला गेले, घरदार आणि जमीन विकून जपानविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याला पैसा उभा केला, आणि 1925 मध्ये कोरियाच्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले. 1942 साली जपानी राजवटीने सोलपासून ग्योंगजूपर्यंतचा हा मार्ग पुरा केला, आणि तो नेमका या वाड्यातून काढला. पन्नासहून जास्त खण पाडले. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं त्या अंगणासमोरून गाड्या धडधडत राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ओसरीवर बसलं की नदी दिसायचीच नाही, दिसायची ती रेल्वेची आवाज अडवणारी भिंत. शेजारी सात मजल्यांचा विटांचा पुरातन पॅगोडा, तोही गाडीगणिक हादरायचा.

डिसेंबर 2020 मध्ये मार्ग वळवला, स्टेशन हलवलं, ती भिंत पाडायला आणि रूळ काढायला घेतले. त्या आठवड्यात मी लेकीला घेऊन तिथे गेले होते. नदी दिसली. डोळे भरून आले. परक्या देशातल्या वाड्यासाठी रडायला आपल्याला काय झालंय, असं तेव्हा वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. मी या गावात संसार केलाय.

मग हळहळ कसली?

माझ्या सासूबाई ह्वाबोनच्या. अंदोंगच्या दक्षिणेला याच मार्गावरचं हे छोटं स्टेशन, 1938 सालचं. वाफेच्या इंजिनांना पाणी भरायचा काँक्रीटचा उंच बुरूज अजून तिथे उभा आहे, त्याच्या आतल्या भिंतीवर 'कोळसा वाचवा' अशा अर्थाची जुनी अक्षरंही आहेत. लोक त्याचे फोटो काढायला येतात. सासूबाईंसाठी मात्र ते लसूण घेऊन गाडीत चढायचं ठिकाण. अंदोंगचा आठवडी बाजार... आठवडी म्हणायचं आपल्या सवयीने, इथे तो पाच दिवसांनी भरतो, 2 आणि 7 आकडा शेवटी येणाऱ्या तारखांना. त्या पहाटे उठून लसणाच्या जुड्या बांधायच्या. शंभर गड्ड्यांच्या मोजाला इथे 'जॉप' म्हणतात. दोन जॉप दोन हातांत, एक पाठीवर. सकाळची मुगुंगह्वा पकडायची, तासाभरात अंदोंग, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की चालत बाजार. ठरलेली जागा, ठरलेली गिऱ्हाइकं. दुपारच्या गाडीने परत. चाळीस वर्षं हाच क्रम.

नवं स्टेशन झालं शहराच्या पश्चिम टोकाला, बस टर्मिनलच्या शेजारी. मला ते पटलं होतं. गाडीतून उतरलं की लगेच बस, यापेक्षा सोयीचं काय? सासूबाईंनी कुरकुर केली तेव्हा मीच त्यांना समजावलं होतं, "ओमोनिम (म्हणजे आई), बसने पंधरा-वीस मिनिटं लागतात फक्त." 'फक्त' हा शब्द मी वापरला होता, मला पक्का आठवतो.

कोरोनामुळे त्यांनी जवळजवळ वर्षभर बाजार केला नाही. मग आला 12 नोव्हेंबर 2021, शुक्रवार. वर्षभराची किमची घालायचे दिवस, म्हणजे लसणाला सगळ्यात जास्त भाव. मी शाळेत तासावर होते. फोन दोनदा वाजला, मी कापला. तिसऱ्यांदा वर्गाबाहेर येऊन उचलला.

"आगा," त्या म्हणाल्या. सुनेला इकडे असंच म्हणतात, बाळ या अर्थाने. "आगा, बाजार कुठल्या बाजूला गं?"

मी घाईत होते. बसचा नंबर सांगितला, थांबा समोरच आहे म्हणाले, तास संपला की फोन करते म्हणाले. त्यांनी बरं म्हटलं. माझा तास संपला, पाठोपाठ मीटिंग लागली. फोन करायचं राहिलं. राहिलं कसलं, मी विसरले.

साडेबाराला नवऱ्याचा फोन आला, आई उचलत नाही म्हणून. शाळेतून निघाले, टॅक्सी केली, नव्या स्टेशनपासून जुन्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर बघत बघत गेले. अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसलेल्या दिसल्या. बसमध्ये त्या चढल्या होत्या. पण गर्दी होती, लसणाच्या जुड्या लोकांच्या अंगाला लागत होत्या, कुणीतरी वासावरून काही बोललं, आणि त्या पुढच्याच थांब्यावर उतरल्या. मग चालायला लागल्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, थंडीत, तीनशे गड्डे घेऊन.

रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता बाजार उठायला आला असेल ना?"

मी त्यांचे हात धरले. तळव्यावर दोरीचे वळ होते, लालभडक, चार बोटांना आडवे. एका ठिकाणी कातडं सोलवटलं होतं आणि तिथे लसणाचं पातळ साल चिकटलं होतं. ते साल काढायचा प्रयत्न केला तर त्यांनी हात मागे घेतला. टॅक्सीत बसून आम्ही घरी आलो. वाटेत दोघींपैकी कुणी बोललं नाही. त्या दिवसाचा लसूण आम्ही शेजारीपाजारी वाटला. त्यानंतर त्यांनी अंदोंगचा बाजार केला नाही.

तुम्ही म्हणाल, यात रेल्वेचा काय दोष? दोष सुनेचा, फोन न करणाऱ्या. मान्य. मी स्वतःला हे तुमच्याआधी आणि तुमच्यापेक्षा जास्त वेळा बोलून घेतलंय. बसमध्ये कुचकट बोलणाऱ्याचाही दोष आहे. पण चाळीस वर्षं त्या बाईला कुणाच्या फोनची गरज पडली नव्हती. कुठे उतरायचं, कुठे वळायचं हे तिच्या पायांना माहीत होतं. ती वाट कुणीतरी नकाशावर उचलून दुसरीकडे ठेवली आणि मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवल्या.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी रत्नागिरीची. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण झाली तेव्हा आमच्याकडेही केवढा जल्लोष होता, आणि तो रास्तच होता. पण स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर लांब. रात्रीच्या गाडीने आलेल्या माझ्या आजीला रिक्षावाल्याशी घासाघीस करताना मी पाहिलंय. सरळ आणि वेगवान मार्ग काढायचा तर तो गावाच्या पोटातून जात नाही, हे गणित मला ठाऊक होतं. तरी अंदोंगला मी 'फक्त' म्हणाले.

जुना मार्ग गावाच्या पोटातून गेला होता. म्हणूनच तो ई सांग-र्योंगांच्या वाड्यातून गेला आणि म्हणूनच माझ्या सासूला बाजाराच्या तोंडाशी उतरवायचा. ज्या दिवशी अन्याय उखडला त्याच दिवशी तिची वाटही उखडली गेली, रूळ एकच होते. यातून दोन वेगळ्या गोष्टी करायला मला अजून जमलेलं नाही. नवरा म्हणतो, जरा चांगली बससेवा दिली असती तर दोन्ही साधलं असतं. कदाचित. पण ती गर्दीची बस मला आठवते आणि मी गप्प बसते.

20 डिसेंबर 2024 ला दक्षिणेकडचा उरलेला टप्पाही नवा झाला, आता सोलहून थेट बुसानच्या बुजोन स्टेशनापर्यंत गाडी जाते. त्याच बदलात ह्वाबोन स्टेशन बंद झालं. त्या भागातलं नवं स्टेशन इहुंगकडे आहे, सासूबाईंच्या घरापासून चालत जाण्यासारखं नाही. ह्वाबोनची इमारत आणि पाण्याचा बुरूज मात्र तसेच आहेत.

मागच्या खेपेला आम्ही मोटारीने त्यांच्याकडे गेलो. रविवार होता, स्टेशनासमोर बरीच माणसं फोटो काढत होती. सासूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "एवढे लोक स्टेशन बघायला येतात, ते येतात कसे?"

"मोटारीने, ओमोनिम."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा गड्डा हातात घेतला. मी शेजारी बसून सोलायला लागले.